उजवीकडचा रुमाल

एसटीत जागा धरायला रुमाल टाकतात, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. गाडी फलाटाला लागता लागता खिडकीतून रुमाल, टोपी, पिशवी, जे हाताला लागेल ते आत टाकायचं आणि मग निवांत चढून त्या जागेवर हक्क सांगायचा. माझे मलकापूरचे घरमालक याच्या उलट करायचे. ते आधी चढायचे, डावीकडच्या बाकावर खिडकीशी बसायचे, आणि मग खिशातून इस्त्रीचा पांढरा रुमाल काढून आपल्या उजव्या हाताच्या जागेवर ठेवायचे. गाडी भरत जायची. दांडीला लोंबकळणारा कुणीतरी विचारायचा, "आवं, कोण हाय का हितं?"

"येणार हाय," हे शांतपणे सांगायचे.

कराडपासून साताऱ्यापर्यंत कुणीही यायचं नाही. त्या मार्गाचे कंडक्टर सरावलेले होते. नवा प्रवासी भांडायला लागला तर तेच म्हणायचे, "ऱ्हाऊ द्या हो, कॅप्टनची जागा हाय ती." मी एकदोनदा त्यांच्याबरोबर त्याच गाडीत होते. पाय भरून आले तरी त्या जागेवर बसायचं माझ्या मनात आलं नाही. हा माझा समजूतदारपणा नव्हता. तिथं बसावंसं वाटायचं नाही, एवढंच.

त्यांना सगळं गाव कॅप्टन म्हणायचं. ऊसवाल्या घरातला हा माणूस जन्मभर प्रवासी विमानं उडवून निवृत्त झाला आणि गावाकडं परत आला. लग्न केलेलं नव्हतं. मी तेव्हा जवळच्या धावपट्टीवर विमान चालवायला शिकत होते आणि त्यांच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहत होते. खोली देताना त्यांनी एकच अट घातली. हॉलमधल्या उजव्या खुर्चीवर बसायचं नाही. मी म्हटलं, मी तुमच्या हॉलमध्ये येतेच कशाला? पण वर जायचा जिना हॉलमधूनच होता, त्यामुळे ती खुर्ची मला रोज दिसायची. दोन वेताच्या खुर्च्या, शेजारी शेजारी, दोन्हींची तोंडं भिंतीकडं. डावीवर ते बसायचे. उजवीवर रुमाल.

पोर्चमध्ये त्यांची गाडी कापडाखाली झाकलेली असायची. चांगली चालती गाडी. न चालवता नुसती का ठेवलीय, असं विचारलं तर त्यांना माझ्याच अकलेचं आश्चर्य वाटलं.

"मोटारीत चालवणारा उजवीकडं बसतोय. माझ्या उजवीकडं दार येतंय. माणूस कुठं बसणार?"

विमानात कॅप्टन डावीकडे बसतो आणि को-पायलट उजवीकडे, हे मला तोवर शिकवून झालं होतं. त्यामुळे उत्तर मला कळलं, आणि कळलं म्हणूनच जरा चरकले.

आता त्यांची सकाळ सांगते. विमानात निघायच्या आधी चेकलिस्ट असते. एकानं विचारायचं, दुसऱ्यानं त्या बटणाकडं, त्या काट्याकडं बघून उत्तर द्यायचं. उत्तर आल्याशिवाय पुढचा प्रश्न नाही. कॅप्टन घरातून बाहेर पडताना हेच करायचे. उंबऱ्यात उभे राहायचे, किल्ली हातात, मान किंचित उजवीकडं.

"खिडक्या?"

थांबायचे.

"नळ?"

थांबायचे.

"गॅस?"

घरात दुसरं कुणी नसायचं. मी वरून ऐकायचे आणि सुरुवातीला मला हसू यायचं. जुनी सवय, एकटा माणूस, चालायचंच. मग एक गोष्ट लक्षात आली. ते प्रत्येक वेळी सारखं थांबत नसत. कधी लगेच पुढं जायचे, कधी बराच वेळ ताटकळायचे, दुसऱ्या टोकाला कुणीतरी उठून बघायला गेल्यासारखे. नुसत्या सवयीचा माणूस असं थांबत नाही.

एका सकाळी मी जिन्यातून उतरत होते. त्यांनी विचारलं, "गॅस?" आणि मग स्वतःशी नाही, अगदी समोरच्याला बोलावं तसं म्हणाले, "चालू? थांब, आलो." चपला काढून ते आत गेले. मी त्यांच्या मागोमाग गेले. शेगडीवर भांडं नव्हतं, जाळ नव्हता, पण बटण फिरलेलं होतं आणि वास नुकता पसरायला लागला होता. त्यांनी बटण बंद केलं, खिडकी उघडली, परत उंबऱ्यात येऊन उभे राहिले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. "खिडक्या?"

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यांतली नाही. माझं पोट यंत्रावर आहे. मी स्वतःला सांगितलं, म्हाताऱ्याला वास आला असणार. पण मी त्यांच्यापेक्षा शेगडीच्या जवळ होते, आणि मला आला नव्हता.

त्यानंतर काही दिवसांनी मी आगाऊपणा केला. त्यांनी "नळ?" विचारलं आणि वरून मीच ओरडून सांगितलं, "बंद!" वाटलं, हसतील. ते जिना चढून वर आले. इतके चिडलेले मी त्यांना एकदाच पाहिलं.

"तू बघितलास नळ?"

"बंदच असतो की काका."

"बघितलास का?"

"नाही."

"मग त्वांड कसं उघडलंस? न बघता उत्तर द्यायचं न्हाई पोरी. माणसं मरत्यात." मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. "आणि त्येला मधी बोललेलं कळत न्हाई. गोंधळतोय."

कोण गोंधळतो, ते मी विचारलं नाही. खाली गेले आणि नळ बघून आले. थेंब थेंब गळत होता.

त्यांचे जुने सहकारी एकदा मुंबईहून महाबळेश्वरला जाताना वाट वाकडी करून आले. दोघंही निवृत्त कॅप्टन, गप्पिष्ट, खर्जातला आवाज. त्यांच्याकडून मला पहिल्यांदा कळलं, की आमचे घरमालक वैमानिकांच्या युनियनमधले मोठे भांडखोर म्हणून प्रसिद्ध होते. मी कान टवकारले, कारण आमच्या बॅचमध्ये हाच वाद चालायचा. एवढा पगार घेणाऱ्यांना युनियन हवी कशाला? आम्ही काय गिरणीत आहोत? त्या दोघांपैकी जाडे होते ते म्हणाले, युनियनमुळे आम्हाला धड हॉटेलं मिळाली, सुट्ट्या मिळाल्या, पगार वाढले. पण ह्यानं कधी पगाराचा प शब्द काढला नाही. ह्याची दर बैठकीत एकच मागणी. नोकरीत कायम न झालेल्या, प्रोबेशनवरच्या पोरालाही चौकशीच्या खोलीत शेजारी एक माणूस नेता आला पाहिजे. त्याला वाटेल तो माणूस. आम्ही कंटाळायचो. बैठकीतसुद्धा शेजारच्या खुर्चीवर रुमाल टाकून बसायचा, म्हणून त्या मागणीला आम्ही रुमालाचं कलम म्हणायचो. निवृत्तीच्या वर्षी कंपनीनं ते मान्य केलं तेव्हा पोरांनी पेढे वाटले. ह्यानं एकही खाल्ला नाही.

बोलता बोलता ते जाडे गृहस्थ उजव्या खुर्चीवर बसले. रुमाल त्यांनी हातात घेतला होता. कॅप्टन स्वयंपाकघरात होते, आणि मला अडवायला सुचलं नाही. थोडा वेळ ते बोलत राहिले, मग बोलताना अडखळायला लागले, एका बाजूला सरकले, आणखी सरकले, आणि शेवटी उठून सतरंजीवर येऊन बसले.

"काय झालं?" दुसऱ्यानं विचारलं.

"काही नाही. जरा दाटी होत होती."

एकाच माणसाची खुर्ची होती ती. कुणी हसलं नाही. निघताना त्यांनी रुमाल परत घडी करून जागेवर ठेवला.

माझे वडील फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, लोणंदजवळ आमची शेती. मला भेटायला ते आले तेव्हा कॅप्टनशी त्यांची चांगली जुंपली. वडिलांच्या मते युनियन म्हणजे बंड.

"वरिष्ठानं बोलावलं की ताठ उभं ऱ्हायचं आणि एकट्यानं जाब द्यायचा. मधी वकिली करायला दुसरा कशाला?" वडील म्हणाले. "फौजेत युनियन असती तर देश ऱ्हायला असता का?"

"फौजेत बडी असतोय ना, सुभेदार?" कॅप्टननी विचारलं.

"असतोय. जोडीदार. त्येचा ह्यात काय संबंध?"

"गस्तीला एकट्याला धाडत्यात?"

"न्हाई."

"का?"

वडिलांनी आपली पिशवी उचलली. त्यांचा स्वतःचा बडी बर्फात गेला होता, हे कॅप्टनना ठाऊक असायचं कारण नव्हतं. जाताना वडील मला दारात म्हणाले, "माणूस सरळ हाय, पर त्या घरात कोणतरी हाय. जपून ऱ्हा."

मला कॅप्टनच्याच जुन्या कंपनीत नोकरी लागली तेव्हा ते मला दुपारी कृष्णा-कोयनेच्या संगमावर घेऊन गेले. बाकावर मी त्यांच्या डावीकडं, उजवीकडं रुमाल. मी थेटच विचारलं, "काका, युनियनचा फायदा असतो का? खरं सांगा."

"असतोय. मला झाला," ते म्हणाले. आणि मग त्यांनी सगळं सांगितलं.

पहाटेच्या ड्यूट्या लागोपाठ लागल्या होत्या. दोघंही झोपेत चालल्यासारखे. उजवीकडं एक नवा पोरगा, जतकडचा, प्रोबेशनवर. निघायच्या आधी यांनी विचारलं, "फ्लॅप?" पंखांच्या मागच्या पट्ट्या खाली काढल्यात का, असा तो प्रश्न. पोरगा म्हणाला, "सेट." त्यानं बघितलं नव्हतं. यांनीही बघितलं नाही, त्याच्या आवाजावर पुढं गेले. धावपट्टीवर इंजिनांना जोर दिला आणि धोक्याचा भोंगा वाजला. विमान जागच्या जागी थांबवलं. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. प्रवाशांना तांत्रिक कारण सांगितलं.

"चौकशी लागली. माझ्या शेजारी युनियनचा माणूस. लय हुशार. कायदा पाठ. मला त्यानं एक वाक्य धड बोलू दिलं न्हाई. मी बाहीर पडलो तवा माझ्या नावावर नुसती समज हुती, आणि सगळा दोष उजवीकडं सरकला हुता. प्रोबेशनवाल्याला आमी सभासद करत न्हवतो. बाहीर बाकावर बसलेलं पोर. मला म्हणालं, सर, माझ्या शेजारी बसता का? नुसतं बसा. काय बोलू नका."

"मग?"

"मी म्हणालो, नियमात न्हाई."

नदीवर ऊन होतं.

"दार उघडं हुतं तवा मला आतलं दिसलं. टेबलाच्या पल्याड साहेबांची रांग. अल्याड दोन खुर्च्या. एकीवर त्यो. त्यानं खिशातनं रुमाल काढला आणि शेजारच्या खुर्चीवर टाकला. आपल्याकडं टाकत्यात तसा. मग दार बंद झालं."

मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. विचारलं, "तो आहे का आता?"

त्यांनी उजवीकडं, रुमालाकडं पाहिलं. "येणार हाय," म्हणाले.

मी समजले, तो मेला.

कॅप्टन गेल्या वर्षी गेले. शेजारच्या वहिनींनी सकाळी त्यांचा आवाज ऐकला, "खिडक्या? नळ? गॅस?" आणि पुढं कुलूप लागल्याचा आवाज आला नाही म्हणून त्या बघायला आल्या. ते उंबऱ्यात बसले होते, मान उजवीकडं कललेली. मी गेले तेव्हा त्यांच्या पुतणीनं मला तो रुमाल दिला. तिला तो घरात नको होता.

आता माझं सांगते. मी प्रोबेशनवरच होते. ड्यूटीच्या तक्त्यात, रोस्टरमध्ये, विश्रांती पूर्ण दिसत होती, पण त्या विश्रांतीत कंपनीचाच फोन दोनदा खणखणला होता, ड्यूटी बदलली, परत बदलली. सकाळी मला पायऱ्या दोन दोन दिसायला लागल्या. मी विमान न्यायला नकार दिला. असा नकार द्यायचा हक्क आम्हाला आहे, आणि तो वापरला की काय होतं तेही सगळ्यांना ठाऊक आहे. चौकशी लागली. नोकरी जाणार, हे दिसतच होतं. आणि पहिल्याच कंपनीनं काढलेल्या को-पायलटला दुसरी कंपनी दारात उभी करत नाही. माझ्या शिक्षणासाठी वडिलांनी काय काय केलं, ते मला रोज जेवताना आठवायचं.

युनियनमधल्या एक कॅप्टनबाई फोनवर म्हणाल्या, "रुमालाच्या कलमाखाली एक माणूस नेता येतो तुला. मी येते. की दुसरं कुणी हवंय?"

मी विचारलं, कॅप्टनच्या त्या जुन्या चौकशीतल्या जतच्या वैमानिकाचं पुढं काय झालं हो?

"त्याचं काय व्हायचंय? आहे की. गावाकडं टँकर चालवतो म्हणे."

मी दुसऱ्या दिवशी जतला गेले. रस्त्याकडेला मेंढरं, कोरडी ज्वारी, आणि एका विहिरीपाशी टँकर भरत असलेला, कानांवर केस पिकलेला एक माणूस. मी कॅप्टनचं नाव घेतलं आणि ते गेले म्हणून सांगितलं. त्यानं मोटर बंद केली.

"कवा?"

मी सांगितलं. टँकरच्या चाकाला हात लावला.

"तवाच," तो म्हणाला.

"तवाच काय?"

"तुमी हसशीला. रोज सकाळी टँकर काढताना माझ्या त्वांडातनं शब्द पडायचं. कोण इचारत नसायचं, आपलं पडायचं. 'बंद.' 'बंद.' 'बंद.' बायको म्हणायची, कुणाला जबाब देताय? मला काय म्हाईत कुणाला. पर पडायच्या आधी थांबायला लागायचं. कायतरी बघून आल्यागत वाटायचं." त्यानं पाइप गुंडाळायला घेतला. "गेल्या वर्षापासनं पडत न्हाई. मोकळं वाटायला पायजे हुतं. न्हाई वाटलं."

 मी विचारलं, "नेहमी 'बंद'च?"

"एकदा 'चालू' पडलं. माझं मीच दचकलो. व्हॉल्व बघितला, मोटर बघितली, सगळं बंद हुतं. मला कायम वाटत आलं, कुठं काय चालू ऱ्हायलं आसंल?"

"गॅस," मी म्हटलं. त्याला मी त्या सकाळचं सांगितलं. तो टँकरच्या पायरीवर बसला.

मी त्याला माझ्याबरोबर यायला सांगितलं. कॅप्टनबाई फोनवर माझ्यावर भडकल्या. म्हणाल्या, कायदा जाणणारं माणूस सोडून टँकरवाला नेतेस, शुद्धीवर आहेस का? नोकरी कुणाची पणाला आहे? माझी होती. भीती वाटत होती, आणि तरी त्या खुर्चीवर दुसरं कुणी बसवणं मला जमेना. बाई चांगल्या होत्या. मला सगळे मुद्दे घोटून घेतले, आणि त्या दिवशी स्वतः बाहेर बाकावर येऊन बसल्या. वडिलांना मी फोन केला, तेव्हा मला वाटलं ताठ उभी ऱ्हा म्हणतील. ते म्हणाले, "एकटी जाऊ नगंस."

मी आजही विमान उडवते, त्यामुळे निकाल वेगळा सांगत नाही. त्या खोलीतलं सांगते.

टेबलापलीकडे साहेब, अलीकडे दोन खुर्च्या. मी डावीवर बसले आणि पर्समधून रुमाल काढून उजवीवर ठेवला. तो माझ्या मागून आला, इस्त्रीचा शर्ट घालून, आणि त्या रुमालापाशी थबकला. मग दोन्ही हातांनी उचलून तो त्यानं खिशात ठेवला, आणि बसला. साहेबांनी बजावलं, सोबतच्या माणसानं बोलायचं नाही. त्यानं मान हलवली.

प्रश्न सुरू झाले. रोस्टर माझ्यासमोर ठेवला होता. मुख्य साहेबांनी नेहमीच्या सुरात विचारलं, "विश्रांती पूर्ण?"

'हो सर' माझ्या ओठांवर आलं होतं. रोज ड्यूटीवर येताना हेच विचारतात, आणि आम्ही सगळे हेच म्हणतो. बघायला कुणी थांबत नाही.

उजवीकडं तो ताठ झाला. फोन दोनदा आल्याचं मी त्याला सांगितलेलं नव्हतं. माझ्या चौकशीबद्दल त्यानं काही विचारलंच नव्हतं. तो थांबला, चांगला बराच वेळ, आणि मग त्या खोलीत मोठ्यानं त्याच्या तोंडून शब्द पडला.

"न्हाई."

साहेब रागावले. मी म्हटलं, "नाही सर, झाली नव्हती," आणि सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर उजवीकडं पाहिलं. तो माझ्याकडे तोंड करून बसला होता, पण त्याची नजर माझ्यावर नव्हती. मी बसले होते त्या डाव्या खुर्चीवर होती, तिथं कॅप्टनच बसलेले असावेत तशी. डोळ्यांतलं पाणी न पुसता तो हलक्या आवाजात म्हणाला,

"ह्या टायमाला बघून सांगितलं, सर."